त्यांच्या नावाची सव्वा मूठ

ब्राह्मणपुरीहून नंदुरबार स्टेशनापर्यंत बैलगाडीनं आम्हाला अख्खा दिवस लागला, आणि त्या अख्ख्या दिवसात माझ्या सासूबाई आपल्या मुलाला एकच वाक्य सांगत होत्या. "भाऊ, पानीवर जाऊ नको." प्रकाशा गावाशी तापी ओलांडताना होडीत बसल्या तेव्हाही तेच, आणि स्टेशनात गाडीनं शिट्टी दिली तेव्हाही तेच. हे खिडकीतून हसत म्हणाले, "मी पानीमा नही जात, माय. वरथीन जास." सासूबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दिसलं नव्हतं. पण मी नवी नवरी, कराचीला निघालेली, ट्रंकेत ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ भरलेलं. मला कोण विचारतंय!

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना आमचे हे कोण होते हे सांगावं लागणार नाही. जे माझ्यासारखे बाहेर पडले, सुरत-मुंबईला विखुरले, त्यांच्या पोराबाळांसाठी लिहिते. सासरे लवकर वारले. सासूबाईंनी कपाशीच्या शेतीवर एकुलत्या एका मुलाला बडोद्याच्या कॉलेजापर्यंत पोचवलं. तो वकील होईल असं सगळ्या भाऊबंदांनी गृहीत धरलं होतं. हे पठ्ठे मुंबईच्या फ्लाइंग क्लबात जाऊन विमान चालवायचं लायसन्स घेऊन आले. गावात बातमी गेली की ब्राह्मणपुरीच्या पोरानं विमानाची ड्रायव्हरी धरली. माझं माहेर कोरीट. माझ्या वडिलांनी सोयरीक जमवताना हे सगळं ऐकलं, आणि मला म्हणाले, पोरगा चांगला आहे, धंद्याचं काय, तो सुटेल. तो काही सुटला नाही.

लढाई लागली आणि सरकारला समुद्रावर उडणारे वैमानिक हवे झाले. यांची नेमणूक कराचीला झाली. काम आरमाराचं. जहाजांचा ताफा बंदरातून निघाला की त्याच्या पुढं उडत जायचं, पाण्याखाली पाणबुडीची सावली दिसते का बघायचं, आणि पेट्रोल अर्ध्यावर आलं की परतायचं. विमान जुनं, दोन पंखी, वरून उघडं. त्याला जमिनीवर उतरायची चाकं. पाण्यावर उतरायची काही सोय नाही. मी एकदा विचारलं, मग मध्येच इंजिन बंद पडलं तर? म्हणाले, आमटीत मीठ जास्त झालंय.

कराचीचं घर म्हणजे दोन खोल्यांचं क्वार्टर. खारा वारा, दाराच्या कड्यांना गंज, पापड कधी वाळायचा नाही. शेजारी सिंधी बाई होती, तिला मी बिबड्या तळून दिल्या तर तिनं कौतुकानं डब्यात ठेवून दिल्या आणि त्यांना बुरशी आली. मी तिथं इंग्रजी शिकले, सायकल शिकले, मेसच्या पार्टीत साडी सावरत उभं राहायला शिकले. सकाळी विमानाचा आवाज गेला की स्वयंपाकाला लागायचं आणि आवाज परत येईपर्यंत ताट वाढायचं नाही, एवढा एक नियम मी माझ्यापुरता केला होता.

एकदा हे परत आले ते जेवलेच नाहीत. बुडालेल्या जहाजाच्या खलाशांची एक होडी त्यांना समुद्रात दिसली होती. माणसं हात हलवत होती. हे त्यांच्यावर घिरट्या घालत राहिले. उतरता येईना, दोर सोडता येईना. आपली पाण्याची बाटली खाली टाकली, ती होडीपासून लांब पडली. पेट्रोल संपत आलं तेव्हा त्यांना तसंच टाकून परतावं लागलं. जागा कळवली, जहाज गेलं, तिथं कोणी सापडलं नाही. हे मला म्हणाले, "त्यांना वाटलं असेल मी त्यांना न्यायलाच आलोय." त्यानंतर आठवडाभर हे ताटावरून तसेच उठायचे. मी काय करणार? भाकरी करायची, वाढायची, तशीच उचलायची.

मग एक दिवस विमानाचा आवाज परत आला नाही. मी ताट वाढलं नाही. संध्याकाळी एक अधिकारी टोपी काढून दारात उभा राहिला आणि 'मिसिंग' असं म्हणाला. यांच्या सोबत्यांनी उजेड असेतोवर शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. लाकडाचा तुकडासुद्धा मिळाला नाही. 'मेले' म्हणाला असता तर मी रडले असते. मिसिंगला कसं रडतात, ते मला आजवर कोणी शिकवलं नाही.

गावी या म्हणून सगळ्यांनी निरोप धाडले. मी गेले नाही. आले तर हे कराचीच्याच दारात येतील ना? तिथल्या मराठी शाळेत नोकरी धरली आणि एक खोली घेऊन राहिले. गावी जायचे ते फक्त श्रावणात, कानबाईला.

बाहेर वाढलेल्या पोरांना हे सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडं कानबाई देवी बसते. तिचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे तर घरातली थोरली बाई सुपात गहू घेऊन बसते आणि भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढते. पाळण्यातल्या पोराचीही मूठ असते. बायकांची नसते, आम्ही राबायला. त्या गव्हाचा रोट भाऊबंदांनीच खायचा, परक्याला द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. घरात सुतक असेल तर कानबाई बसत नाही.

हे गेले त्या श्रावणात सासूबाईंनी यांचं नाव घेऊन मूठ काढली. सगळे खाली बघत होते. यांच्या वाट्याचा रोट कोणी खायचा, तर सासूबाईंनी माझ्या ताटात वाढला. दर वर्षी तसंच. लढाई संपली आणि सरकारनं मला बोलावून सांगितलं की तुमचे पती मृत धरले आहेत. मी गावी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. त्या श्रावणात यांचे थोरले चुलते, आबा, सुपापाशी येऊन बसले. आबा वाईट माणूस नव्हते. ते हळूच म्हणाले की मयताची मूठ कानबाईला चालत नाही, आपण सुतकही धरलं नाही, बाकीच्या लेकरांवर कोप व्हायचा. सासूबाईंनी वर बघितलंसुद्धा नाही.

"त्यानी मूठ नही लिधी, ते तो जेवाले कोठे येई?"

आबा उठून गेले. सासूबाईंनी मूठ काढली आणि माझ्या हातात बांगड्या राहिल्या.

पुढं देशाची फाळणी झाली आणि कराचीच परकी झाली. खोली सोडताना मी जुन्या क्वार्टरशेजारच्या त्या सिंधी बाईला सांगायला गेले, हे आले तर मी सुरतेला गेलेय म्हणून सांग. तिचंच सामान बांधून दाराशी पडलेलं. शेवटी रस्त्यावरच्या पाववाल्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. बोटीनं मुंबईला येताना मी कठड्याला धरून दिवसभर पाण्याकडं बघत होते. हे ह्याच पाण्यात होते, आणि मी वरून चालले होते. सुरतेला शाळा मिळाली. तिथून नंदुरबारची गाडी सरळ आहे, म्हणून सुरत.

सासूबाई गेल्या. अग्नी आबांच्या मुलानं दिला. सुतकामुळं त्या साली कानबाई बसली नाही. आबांच्या घरच्या आधीच गेलेल्या, म्हणून या साली घरातली थोरली बाई मी झाले.

सूप माझ्यापुढं आलं. मी आबांची मूठ काढली, त्यांच्या मुलांची, नातवांची, पाळण्यातल्याची. मग हात थांबला. एवढी वर्षं यांची मूठ सासूबाई काढत होत्या. मी फक्त खात होते. आता काढली तर मी आणखी एक वर्ष वाट बघायला बांधली गेले. मी थकलेय हो. मला रात्री झोप हवी आहे, एकदा मोठ्यानं रडून मोकळं व्हायचं आहे. आणि नाही काढली, तर समुद्रानं जे माझ्यासमोर केलं नाही ते मी माझ्या हातानं, सगळ्यांदेखत करायचं. मी आबांकडं बघितलं. ते नको म्हणाले असते तर मी उपकार मानून त्यांचे पाय धरले असते.

"सूनबाई," ते म्हणाले, "आते तुन्हा हातमा शे."

मी यांचं नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं, आणि सव्वा मूठ गहू काढला.

सुरतेच्या शाळेत मला विचारतात, बाई, तुमचं घर कुठलं. मी ब्राह्मणपुरी सांगते. तिथं माझी खोली नाही, माझ्या नावाची मूठ नाही. पण वर्षातून एकदा तिथं माझ्यापुढं सूप ठेवतात आणि या माणसाला जगवायचं की मारायचं ते मला विचारतात. पुढच्या श्रावणातही विचारतील. आणि माझा हात पुन्हा गव्हात जाईल, मला पाहिजे असो की नसो.