ताईंचा जुना फोटो

ताईंच्या घरी मी गेले ती गाणं ऐकायला नाही, फोटो मागायला. त्याआधी कितीदा तरी त्यांच्या अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत जाऊन, आत कुणी दिसलं की वाट चुकल्यासारखं करून परत आले होते. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती आणि आमच्या घरी ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं.

इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. तिथे कुणीही लिहू शकतं, पैसे मिळत नाहीत आणि तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही. मला ते शेवटचं आवडलं होतं. मी लहानपणापासून रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकत आले, पण चार माणसांत त्याबद्दल बोलायची वेळ आली की मी विषय बदलायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वर्गात ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि जे ऐकणारे होते त्यांच्यात माझं मराठी अडखळायचं. ज्ञानकोशात मी गायक-वादकांवरचे लेख इंग्रजीत लिहायचे. माझ्यासोबत एकजण असायचा. परदेशात राहणारा, बहुधा निवृत्त झालेला. त्याच्याकडे जुन्या रेकॉर्ड्स आणि मासिकांची कात्रणं होती. तो माहिती द्यायचा, मी वाक्यं लिहायचे, तो स्वल्पविराम तपासायचा. त्याने मला 'मित्रा' म्हणून लिहायला सुरुवात केली तेव्हा मी ते दुरुस्त केलं नाही. त्याचं खरं नाव मला माहीत नव्हतं, माझं त्याला नव्हतं. आम्ही असे पुष्कळ लेख उभे केले.

ताईंवरचा लेखही आम्हीच केला. एके काळी मोठ्या मैफली गाजवलेल्या या गायिका पुतण्याकडे रत्नागिरीत राहतात, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून गात नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या सहकाऱ्याने लिहिलं, 'लेख चांगला झालाय. फक्त चेहरा नाही. त्या भागात कुणी ओळखीचं आहे का?' मी 'बघतो' असं लिहिलं.

दार पुतण्याच्या बायकोने उघडलं. तिला मी पुढे वहिनी म्हणायला लागले. काय काम आहे हे मला नीट सांगता येईना. वहिनी आत वळून म्हणाली, "आत्या, कॉम्प्युटरवाली मुलगी आल्येय. तुमच्याबद्दल लिहिते म्हणे."

"माझ्याबद्दल? कोण वाचतं गो?" आतून आवाज आला. बोलताना शब्द जड येत होते, पण आवाज जमिनीत रुतलेला होता.

ताई खिडकीशी बसल्या होत्या. तोंडाची डावी बाजू खाली ओढली गेली होती. मी तिकडे बघायचं टाळलं, आणि मी टाळतेय हे त्यांना दिसलं. समोर भिंतीवर एक फोटो होता. तंबोरा गालाशी टेकलेला, डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे. तान चालू असावी, पण चेहऱ्यावर पाण्यावर उठते तेवढीही लाट नव्हती.

"हा लाव," त्या म्हणाल्या.

फोटो एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने मैफलीत काढला होता आणि नंतर त्यांना भेट दिला होता. तो आता नव्हता, त्याच्या घरच्यांचा पत्ता कुणाला माहीत नव्हता. मी चाचरत सांगितलं की फोटो ज्याने काढला त्याचा असतो, आणि त्याने किंवा त्याच्या वारसांनी तो सगळ्यांना वापरायला खुला केला तरच ज्ञानकोशात लागतो.

"चेहरा माझा, गाणं माझं, लुगडं माझं. आणि मालक तो?"

"तसा नियम आहे, ताई."

"मग माझ्या गुरुजींचा कसा लागला? मघाशी म्हणालीस लागलाय म्हणून."

मला ते सांगायचं नव्हतं. पण त्या थांबून राहिल्या होत्या. मी म्हटलं, "जिवंत माणसाचा फोटो कुणीही जाऊन नवा काढू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या मालकीचा घेऊ देत नाहीत. माणूस गेलेलं असलं की मग नवा निघणार नसतो. म्हणून जुना चालतो."

वहिनी चहा घेऊन दारातच थबकली. ताई मात्र हसल्या. हसताना तोंड आणखी वाकडं होई, म्हणून पदर आडवा धरून हसल्या.

"म्हणजे मीच आड येत्येय माझ्या फोटोच्या! आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात, तसलंच की हे. थांब हो थोडी. फार वेळ नाही लावायची मी."

"काहीतरीच बोलता आत्या," वहिनी म्हणाली. "चहा घ्या."

मामाचा डिजिटल कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला तशी त्यांची नजर बदलली.

"ह्या तोंडाने? नाही." मग स्वतःच बोलू लागल्या. लहान असताना त्या गाताना तोंड वेडंवाकडं करायच्या, डोळे फिरवायच्या. गुरुजींनी समोर आरसा ठेवला. रोज, रियाज संपेपर्यंत. तोंड वाकडं झालं की सूर कितीही खरा असो, थांबायचं आणि पहिल्यापासून घ्यायचं. "सुरापेक्षा ह्या थोबाडावर जास्त मेहनत झाली माझी. लोक म्हणायचे, बाई गाते आणि चेहरा ऐकतो. आणि आता बघ." एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

निघताना म्हणाल्या, "हात घे हवा तर. उजवा चालतो अजून."

वहिनीने तंबोरा त्यांच्या मांडीशी धरला. मी तारांवरची बोटं टिपली. घरी जाऊन तो फोटो सगळ्यांसाठी खुला करून लेखाला लावला. सहकाऱ्याने लिहिलं, 'सुंदर. पण मित्रा, चेहरा असता तर.'

त्यानंतर मी त्यांच्याकडे जात राहिले. मी फारसं बोलायचे नाही, त्यांनाही बोलायला त्रास व्हायचा, त्यामुळे आमचं जमलं. रेडिओ लावायचा आणि बसायचं. एखादा गायक रटाळ वाटला की त्या उजव्या हाताने हवेत गाठ मारल्यासारखं करायच्या. मी हसायचे. उठताना कधीतरी विचारायच्या, "लागला का गो माझा?" मी मान हलवायचे. "बरी आहे मी अजून, नाही का," त्या म्हणायच्या.

पुढच्या हिवाळ्यात गावातल्या रसिकांनी त्यांचा सत्कार केला. ताईंना जायचं नव्हतं, पण घरी सारखी माणसं येऊन विनवू लागली तेव्हा पुतण्याला नाही म्हणवेना. शाल, श्रीफळ झालं आणि कुणीतरी माईक तोंडाशी धरला. त्या उभ्या राहून दोन वाक्यं बोलल्या. प्रेक्षकांतून फ्लॅश उडाला. मी शेवटच्या रांगेत होते. तो नक्की कुणाचा, ते दिसलं नाही.

काही आठवड्यांनी लेख उघडला तर वरती तोच फोटो. माईकसमोर ताई, ओठ डावीकडे खेचलेले, डोळा अर्धा मिटलेला. हाताचा फोटो खाली गेला होता. लावणारं नाव अनोळखी होतं, आणि त्याने त्याच्या समजुतीने चांगलंच केलं होतं. फोटो त्याने स्वतः काढलेला, सगळ्यांना खुला केलेला. नियमात पूर्ण बसणारा.

मी तो काढला. तो परत लागला. मी पुन्हा काढला. मग लेखामागच्या चर्चेच्या पानावर मला कारण विचारण्यात आलं. तिथे मी घाबरत नसे, कारण तिथे मला चेहरा नव्हता. मी लिहिलं की हा फोटो एका आजारी माणसाचा आहे, गायिकेचा नाही. उत्तर आलं की गायिका आजारी असेल तर तीही माहितीच आहे. मग मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे स्वतःबद्दल एक वाक्य लिहिलं. मी त्यांना ओळखते, मी त्यांच्या घरी जाते, त्यांना हा फोटो नको आहे.

ह्याचं उत्तर माझ्या सहकाऱ्याने दिलं. 'तुम्ही त्यांना इतक्या जवळून ओळखता हे मला माहीत नव्हतं. मग या लेखापासून तुम्ही दूर राहिलेलं बरं. जवळच्या माणसाने लिहू नये, हे तुम्हीच मला एकदा समजावलं होतं. फोटो राहू द्यावा असं माझं मत आहे. मला वाईट वाटतं.' 'मित्रा' नव्हतं त्यात. मी ते खूप वेळा वाचलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

ताईंना मी काही बोलले नव्हते. पण पुण्याहून त्यांच्या नातवाचा, म्हणजे वहिनीच्या मुलाचा, फोन आला. "आजी, इंटरनेटवर फोटो बघितला तुझा!" मी गेले तेव्हा ताईंनी रेडिओ बंद केला.

"कुठला लागला?"

"सत्कारातला," मी म्हटलं.

"छापून आण."

मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेतून मी पान छापून आणलं. काळ्यापांढऱ्यात तो आणखीच वाईट दिसत होता. ताईंनी कागद हात लांब करून धरला आणि बराच वेळ बघितला.

"गाताना असं तोंड केलं असतं तर गुरुजींनी थोबाडीत दिली असती," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "खाली काय लिहिलंय?"

"तुमचं नाव. आणि 'एका कार्यक्रमात'."

"कार्यक्रमात?" त्यांचा आवाज एकदम चढला. "म्हणजे लोकांना वाटणार गात्येय मी! हे गाताना नाही म्हणून लिही. फोटो राहू दे मेला. पण हे गाताना नाही."

वहिनी म्हणाली, "कळतं हो लोकांना, आत्या."

"नाही कळत. मी जन्मभर बघितल्येत लोक."

लेखापासून दूर राहायला सांगितलं असूनही मी तेवढं केलं. फोटोखाली लिहिलं, 'आजारानंतर, सत्काराला उत्तर देताना'. दुसऱ्या दिवशी 'आजारानंतर' गेलं होतं, कारण आजाराचा छापील पुरावा नव्हता. पण उरलेलं टिकलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "असूं दे. बोलताना तोंड वाकडं झालं तर चालतं. पुढाऱ्यांचं कुठे सरळ असतं?" वहिनी खूप हसली. ताई हसल्या नाहीत. तो कागद त्यांनी माझ्याकडे परत दिला आणि पुन्हा कधी "लागला का" असं विचारलं नाही.

पुढे मला लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. मी तिकडेच खोली घेऊन राहायला लागले आणि रविवारी घरी येऊ लागले. कधी ताईंकडे जाणं व्हायचं, कधी राहून जायचं. ज्ञानकोशात लिहिणं जवळजवळ थांबलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ताईंचं पान मात्र उघडून बघायचे, कुणी खालची ओळ बदलली तर नाही ना म्हणून.

असंच एका दुपारी उघडलं आणि वरती तो होता. तंबोरा गालाशी, डोळे अर्धे मिटलेले, ओठ किंचित उघडे. लागला! मला इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी "काय गं, पगार वाढला का?" असं विचारलं. मी त्यांच्याकडे बघून हसलेसुद्धा.

मग कळलं. हा फोटो लागायला काय व्हावं लागतं, ते मीच ताईंना सांगितलं होतं.

जन्म-मृत्यूच्या तारखा बघायची गरज नव्हती, तरी मी खाली बघितलं. दुसरी तारीख त्याच दिवसाची होती. फोटो माझ्या सहकाऱ्याने लावला होता. त्या वादानंतर एकदा मी तो भिंतीवरून टिपून, ताईंना हाच हवा आहे असं लिहून त्याला पाठवला होता, तो त्याने जपून ठेवला होता. बदलाच्या कारणात त्याने लिहिलं होतं, 'आता हा चालेल.' आणि माझ्या पानावर वेगळी ओळ होती, 'मित्रा, बातमी वाचली. त्यांना हवा होता तो लावलाय.'

घरी फोन केला तर आई म्हणाली, "अगं, आत्ताच कळलं. तुला कामावर कशाला सांगायचं म्हणून थांबले होते."

रविवारी ताईंकडे गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. भिंतीवरचा फोटो उतरवून पाटावर ठेवला होता, त्याला अबोलीचा हार. वहिनी मला बघून आली आणि पहिलं तेच विचारलं.

"लागला का गो आता?"

पुण्याचा नातू लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने पान उघडलं. फोटो पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडासाच मोठा होता.

"मोठा कर की रे," वहिनी म्हणाली.

त्याने क्लिक केलं. तेवढाच राहिला.

"दुसऱ्याच्या मालकीचा आहे ना," मी म्हटलं. "लहानच ठेवायचा असतो. आणि जरा अस्पष्ट."

वहिनी वाकून बघत राहिली. तंबोरा कळत होता, केसांतली वेणी कळत होती. तोंडाच्या जागी दोन-चार करडे ठिपके होते. ओठ सरळ की वाकडे, ते सांगणं शक्य नव्हतं. मी तिला खालचा सत्काराचा फोटो दाखवला नाही. वर्तमानपत्रात आलेल्या बातमीत आजाराचा उल्लेख होता, त्यामुळे 'आजारानंतर' हा शब्द मी आदल्या दिवशी पुन्हा घातला होता आणि या वेळी तो कुणी काढला नव्हता.

वहिनी सरळ झाली. दोन पावलं मागे गेली, दारापर्यंत, आणि डोळे बारीक करून पुन्हा बघितलं.

"लांबून बघ," ती मला म्हणाली. "लांबून आत्याच आहेत."