कानपिळीची दोरी

जेवणं झाली की बोटीवर सगळं सुस्तावतं. ओमानमधल्या मुसंदमच्या या खाडीत चारी बाजूंनी उघडेबोडके डोंगर, त्यांच्यावर गवताची काडी नाही, आणि मध्ये पाणी इतकं शांत की बोट नांगरावर आहे की जमिनीवर, ते कळू नये. ताडपत्रीच्या सावलीत मी आडवा होतो. उशाला नेहमीप्रमाणे काथ्याच्या दोरीचं वेटोळं आणि त्यावर पंचा. दोन वाजलेत. चार वाजता मिताली पाण्यात उतरणार आहे आणि तोवर मला तिला हो की नाही ते सांगायचंय. खरं तर नाही हे मी तीन दिवसांपूर्वीच सांगून बसलोय. ती ऐकत नाही, त्याला मी काय करू?

मिताली माझी भाची, आक्काची मुलगी. पाठीला सिलिंडर न बांधता एका दमात खोल जाण्याचं शिक्षण ती इथे घेतेय. आज शेवटची परीक्षा, तीस मीटर. शेजारी पाण्यात तिची शिक्षिका असणार, सगळी व्यवस्था चोख. बोटीवरून एक पांढरा दोर तळापर्यंत सोडायचा आणि वर एकाने त्यावर हात ठेवून बसायचं. पोरगी तळाशी वळली की दोर हलतो आणि ते वरच्या हाताला कळतं. काही अडलंच तर ओढायचं. हे काम बोटीवरचा कुणीही करील. पण बाईसाहेबांचं एकच, "मामा, तू नाय धरलंस तर मी जावचंय नाय." आणि तिचा बाप गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, मी माणसाच्या दोराला हात लावलेला नाही. मी भात शिजवतो, मासे तळतो, सिलिंडर भरून ठेवतो. तेवढं मला पुरे आहे.

डोळे जड होतात. बोटीच्या बुडाशी पाणी चुबुक चुबुक करत राहतं. कुणीतरी येऊन माझ्या पायाशी बर्फाच्या पेटीवर बसतं. पेटी करकरते.

"मेवण्या, आज आमटीक मीठ कमी पडला."

भावोजी आहेत. सहदेव खवणेकर, आक्काचा नवरा, मितालीचा बाप. डोक्याला पंचा गुंडाळलेला, अंगात ती खाकी अर्धी चड्डी, मांडीवर माझं उरलेलं ताट. केस काळेभोर, वय अठ्ठावीसच्या पुढे नाही. फक्त डाव्या हातावर सलाईनच्या सुईची पांढरी चिकटपट्टी तशीच आहे. ते मेलेत हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरी मला आधी राग येतो तो मिठाचा.

"तुमका डॉक्टरान मीठ बंद केलेला," मी म्हणतो.

"ता जिवंत होतंय तवसर." ते माशाचा काटा चोखतात. "आता कोण बघता?"

मला एकदम फार बरं वाटतं. त्यांचं ते काटा चोखणं, तळव्याला तळवा घासत बसणं, सगळं जसंच्या तसं आहे. सोळा वर्षं आम्ही या किनाऱ्यावर बरोबर काढली, आणि त्याआधी मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर नऊ. नांगर खडकात अडकला की भावोजी खाली जाऊन तो सोडवत. पर्यटक पाठीवर सिलिंडर, पोटाला शिशाचे पट्टे असा सगळा सरंजाम करून उतरत. हे मात्र हातात एक दगड घेत आणि गावाकडे बुडी मारत तशीच मारत. वर दोर माझ्या हातात. मी स्वतः कधी पाण्याखाली डोकं घातलं नाही. पोहता येतं, पण डोकं बुडालं की माझा जीव घाबरा होतो. पाण्याखालचं मला जे काही ठाऊक आहे ते भावोजींनी वर येऊन सांगितलेलं. बोटीची कड धरून, नाक शिंकरत ते सांगायचे, पोपटाच्या चोचीचे मासे दगड कुरतडतात त्याचा आवाज येतो, आक्का सुपारी कातरते ना, तस्सा. एवढ्या उजाड डोंगराच्या पायाशी एवढी बाग कुणी लावली असेल, असं ते दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी त्यांना पाणी प्यायला द्यायचो.

"वायच वाकान बघ," भावोजी म्हणतात.

मी कडेवरून वाकतो. पाणी तळापर्यंत स्वच्छ आहे आणि तळाशी मांडव आहे. आमच्याच दारातला, आक्काच्या लग्नाचा. पंगत बसलीय. वाढप्यांच्या मधून हिरवे-निळे मासे फिरतायत आणि त्यांना कुणी हाकलत नाही. मी सतरा वर्षांचा आहे, अंगात नवी पँट, ती कोरडी आहे, आणि भावोजींचा डावा कान माझ्या चिमटीत आहे.

कानपिळी चाललीय. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवऱ्याने त्याला काहीतरी द्यायचं. कुणाला घड्याळ मिळतं, कुणाला पँट-शर्टाचं कापड. खवणेकरांच्या घरची रीत मात्र निराळी. त्यांच्यातले पुरुष बुडी मारणारे, आणि बुडी मारणाऱ्याचा दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावानेच. सख्खा भाऊ एखादे दिवशी भांडलेला असू शकतो. मेव्हण्याला मात्र दोराच्या टोकाला बहिणीचं कुंकू दिसतं, असं त्यांचं गणित. म्हणून मला मिळाली वीस वावांची काथ्याची दोरी. एक वाव म्हणजे दोन्ही हात फैलावून होते तेवढी लांबी. सगळा मांडव हसला आणि मी हिरमुसलो, कारण मला घड्याळ हवं होतं.

"जोरान पिळलंस तू," भावोजी कान चोळत म्हणतात. "अजून खाली गेलंय की ह्योच कान दुखता." हे त्यांनी पंचवीस वर्षं मला ऐकवलं, आणि मोडक्यातोडक्या अरबीत इथल्या अर्ध्या खसब गावाला.

"मगे घड्याळ दिवचा होता."

"घड्याळ कित्याक? तू दमान येळ बघतंस मा."

ते खरंच. भावोजी खाली गेले की मी वर बसल्या बसल्या दम धरायचो. छाती फुटायला आली की सोडायचा, पुन्हा भरायचा. माझे तीन दम म्हणजे भावोजींचा एक. तिसरा संपत आला की ओढायचं, विचार करत बसायचं नाही. पहिल्या दिवशी माझं काळीज दुसऱ्याच दमाला हललं आणि मी त्यांना खसाखसा वर काढलं. वर आले ते भयंकर चिडलेले. खाली एक कासव झोपलं होतं, त्याच्या अगदी जवळ पोचले होते म्हणे. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ते हसतात. हसताना खोकला येतो, तो थांबत नाही, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतो तेव्हा आम्ही मालवणच्या दवाखान्यातल्या खाटेवर बसलेलो आहोत. सलाईनची बाटली डोलकाठीला टांगलीय. फरशीच्या जागी पाणी आहे आणि खाट त्यावर नांगरलेल्या होडीसारखी हलतेय. भावोजींचे केस आता पांढरे आहेत, पाय सुजलेले आहेत, आणि ते खाटेच्या कडेवरून पाण्यात सोडलेले आहेत. कमरेला माझी दोरी बांधलीय.

"मी हय नव्हतंय," मी म्हणतो. दोन वर्षं मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. "तुमी फोन केल्यात. येतंस काय रे, म्हणालात. मी म्हटलंय, सिझन सरलो की येतंय."

"होय."

"सिझन सरूक बाराच दिस होते, भावोजी."

"होय. नव्हतंस तू." ते माझी समजूत घालत नाहीत. "माका राग इल्लो."

"अजून आसा?"

ते चड्डीवरून हात फिरवतात. "मेल्यावर राग ठेवतंलंय खय? ह्या चड्डीक खिसो पण नाय."

मला हसू येतं आणि त्यातच रडू फुटतं. पंचवीस वर्षं ज्या माणसाचा दोर मी धरला तो माणूस शेवटी मला हाक मारत होता आणि मी इथे लोकांसाठी मासे तळत होतो. याची मला लाज वाटते, अजूनही रोज वाटते. भावोजी मला रडू देतात. पाण्यात पाय हलवत बसतात.

"मगे तुमचो दोर कोणी धरलो?" मी विचारतो.

"आक्कान. हात धरलान माझो. असो घट्ट धरलान, दोन दिस जावक देयना. तिका कोणी शिकवलेला नाय मा."

"काय?"

"ढिली सोडूक." ते कमरेची गाठ चाचपून बघतात. "ओढूक काय, कोण पण ओढता."

लोकांना वाटतं, दोर धरणाऱ्याचं काम म्हणजे ओढणं. ओढणं दिवसातून चार वेळा. बाकी सगळा वेळ सोडायचाच असतो, हाताहाताने, खाली गेलेल्याला ओझं होणार नाही इतपत ढिला आणि त्याला आपण आहोत हे कळेल इतपत ताठ. हे मला भावोजींनीच शिकवलं, आणि शिकायला मला दोन वर्षं लागली.

"चेडवाक, मितालीक, नाय म्हणालंस?"

"माझो हात बरो नाय आता."

"हाताक काय धाड भरली?" ते माझ्याकडे बघतही नाहीत. "तुका धरूक भय नाय. सोडूक भय आसा."

चोर पकडला गेलाय. मितालीने खाली जाऊ नये असं मला वाटतं, एवढीच गोष्ट आहे. मी नाही म्हटलं तर ती जाणार नाही, तसं ती स्वतःच बोललीय, आणि मला तेच हवं होतं. हाताचं ते सगळं निमित्त.

"ती वर इली नाय तर?" मी विचारतो.

"तर ओढ."

"तिचे दम माका म्हायत नाय, भावोजी."

"मगे विचार तिका. माझे तरी पयल्या दिसा खय म्हायत होते तुका? कासव घालवलंस माझा."

आणि ते खाटेवरून पाण्यात सरकतात. थेंबसुद्धा उडत नाही. दोरी माझ्या तळहातातून जायला लागते. मी पहिला दम धरतो. दोरी जात राहते, वीस वाव कधीच झाले तरी जात राहते. दुसरा दम. खाट हलायची थांबलीय, वॉर्ड नाही, डोंगर नाहीत, फक्त हातातून जाणारी दोरी. तिसरा दम. आता ओढायला हवं, छाती फुटायला आलीय, हात ओढायला सरसावतात. तेवढ्यात खालून एक हलका हिसका येतो. एकच. आमच्या खुणेत त्याचा अर्थ, ठीक आहे, सोड.

मी सोडत जातो.

"मामा. मामा, उठ."

मी मोठा श्वास घेऊन उठतो. ताडपत्रीची सावली पायांवरून सरकून गेलीय. समोर मिताली, काळा पोशाख कमरेपर्यंत चढवलेला, चेहरा घाबरलेला.

"निजेत दम कित्याक धरलंलस? भय वाटला माका. मी मोजलंय, पन्नास सेकंद."

"मोजीत बसलंलंस?"

"मगे काय करू? कोणीतरी बघूक नको?"

घाम पुसायला मी उजवा हात उचलतो तर तो उचलत नाही. उशाची दोरी वेटोळ्यातून निघून माझ्या तळहाताला दोन वेढे घालून बसलीय, अंगठा वरून मोकळा, मी इतकी वर्षं धरत होतो अगदी तशी. ती मी केव्हा गुंडाळली मला आठवत नाही. दोन वर्षं मी त्या दोरीवर फक्त डोकं ठेवलंय. हळूहळू वेढे सोडवतो. तळहातावर काथ्याचे दोन लाल वळ उठलेत.

मिताली ते बघते. दोरी कसली आहे हे तिला कुणी सांगायला नको.

"चेडवा," मी विचारतो, "तुझो एक दम म्हणजे माझे किती?"

बापाने तिला आमच्या तीन दमांची गजाल शंभरदा सांगितली असणार. ती डोळे पुसते आणि मनात हिशेब करते.

"दोन," ती म्हणते. "दोन आणि वायच."

"आणि तिसरो संपत इलो तर?"

"तर ओढ."

मी उठतो. पांढरा दोर पाण्यात सोडलेला आहे. मी त्याच्यापाशी जाऊन बसतो आणि वळ उठलेला हात त्यावर ठेवतो.