ब्रोतो स्टेशनवर उतरा

"हं. आता नदी डाव्या हाताला ठेवायची. ठेवलीत?"

इथे थांबायचं. विनयाकाकूंची नक्कल करायची तर सगळी मेख या थांबण्यात आहे. आवाज कुणालाही काढता येतो. थोडा नाकातला, वाक्याच्या शेवटी जरासा उंच जाणारा. पण "ठेवलीत?" विचारल्यावर त्या खरंच थांबतात. समोरचा माणूस ऑकलंडजवळच्या पापाकुऱ्यात त्यांच्या सोफ्यावर बसलेला असतो, एका हातात चहा, दुसऱ्या हातात चकली, आणि ती नदी असते फ्रान्समध्ये, ल्यों नावाच्या शहरात. तरी तो माणूस स्वतःच्या डाव्या हाताकडे बघतो आणि म्हणतो, "ठेवली." मगच काकू पुढे जातात.

विनया अभ्यंकर. पापाकुऱ्याच्या एका फार्मसीत औषधं देतात. पुण्याहून मोहनकाकांबरोबर अठ्ठ्याण्णव साली इकडे आल्या. फार्मसीतही त्यांची तीच पद्धत. एक माओरी आजोबा दर पंधरवड्याला येतात, त्यांना काकू म्हणतात, "किया ओरा. नाऊ, धिस वन आफ्टर काई. यू हॅड काई?" आणि थांबतात. आजोबांना काई, म्हणजे जेवण, झालं की नाही हे सांगावंच लागतं. नसेल झालं तर काकू त्यांना शेजारच्या बेकरीत पाठवतात आणि गोळ्यांची पिशवी आपल्याकडेच ठेवून घेतात.

पण ऑकलंडच्या मराठी लोकांत त्या ओळखल्या जायच्या त्या ल्योंसाठी. युरोपला निघालेलं कुणीही आधी काकूंकडे यायचं आणि कागद घेऊन जायचं. पाठपोट लिहिलेला, निळ्या शाईचा. त्यात पहिलं-दुसरं-तिसरं असं काही नसायचं. कुणी म्हणालं, "काकू, टॉप टेन सांगा ना," तर म्हणायच्या, "दहा कशाला? चार बघा आणि बसा."

त्यांचं शहर चालत यायचं. ब्रोतो स्टेशनवर उतरा. सरळ नदीकडे या, ही रोन. ती ओलांडा, मधला भाग ओलांडा, मग दुसरी नदी, सोन. "आपल्या मुळा-मुठेसारखंच, फक्त दोघींना पाणी आहे." मग जुनं गाव. बाराला पाच कमी असताना सेंट जॉनच्या चर्चमधल्या घड्याळापाशी उभे राहा, वर कोंबडा आहे, तो आरवतो. डोंगरावर दुसरं मोठं चर्च दिसेल, चार कोपऱ्यांना चार मनोरे, गावातले लोक त्याला उलटा पडलेला हत्ती म्हणतात. "म्हणू देत. आपण वर जायचं आणि हत्तीकडे पाठ करून गाव बघायचं." आणि सगळ्यांत महत्त्वाचे बोळ. एका घराच्या दारातून शिरायचं, आतले चार चौक ओलांडायचे आणि मागच्या रस्त्यावर निघायचं. पूर्वी रेशमाचे तागे पावसात भिजू नयेत म्हणून तिथून न्यायचे म्हणे. "दार ढकला. कुणाचं तरी घर आहे असं वाटेल. आहेच. तरी ढकला."

मला हे सगळं पाठ होतं. मी चौदा वर्षांची असताना एका वाढदिवसाला पहिल्यांदा काकूंची नक्कल केली आणि लोक इतके हसले की मग प्रत्येक जेवणानंतर कुणीतरी म्हणायचंच, "मैत्रेयी, काकूंचं कर!" काकूही असायच्या तिथेच. पदर तोंडाला लावून हसायच्या. नक्कल रंगावी म्हणून मी सुरुवातीला एक वाक्य घालायचे: "आम्ही ल्योंला असताना की नाही..." ते म्हणताना मान जराशी तिरकी. हमखास हशा.

दोन हजार सहाच्या जुलैत रवींद्रकाका आणि नीताकाकू युरोपला गेले. आमच्या ओळखीतले बाकीचे टूरच्या बसमधून जायचे, हे दोघं पहिल्यांदाच आपले आपण, आगगाडीने. रवींद्रकाका आयटीत आहेत, त्यांचं कुठलंही वाक्य 'बेसिकली'शिवाय सुटत नाही. "बेसिकली, काकू, मी तुमच्या कागदावर चालणार. गाईडबुक घेतच नाही." नीताकाकू हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, त्या कमी बोलतात. त्यांनी कागदाला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

ते तिकडे असतानाच एका शनिवारी काकूंनी मला बोलावलं. इथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरायचा होता आणि अर्जातलं इंग्रजी नाही, पण त्याचे रकाने मोहनकाकांना छळत होते. मी लिहीत गेले. नाव, जन्म, आणि मग आतापर्यंत कोणकोणत्या देशांत राहिलात.

"भारत," काकू म्हणाल्या.

मी भारत लिहिलं आणि पुढे 'फ्रा' लिहायला घेतलं.

"फ्रान्स कशाला?"

"तुम्ही ल्योंला होतात ना."

काकू चष्मा काढून पुसायला लागल्या. मोहनकाका पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही.

"मी कधी म्हटलं असं?"

मी आठवायला लागले. माझा कान पक्का आहे; कुणी काय कसं म्हटलं ते माझ्या डोक्यात आवाजासकट राहतं. काकूंचं एकेक वाक्य मी मनात फिरवून पाहिलं. नदी डाव्या हाताला ठेवा. दार ढकला. बाराला पाच कमी. त्यात 'आम्ही' कुठेच नव्हतं. 'असताना' नव्हतं. ते वाक्य माझ्याच आवाजात होतं, मान तिरकी करून.

मग काकूंनी आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात पत्रं होती. एकोणीसशे सत्तर साली पुण्यात त्यांच्या फ्रेंचच्या क्लासमध्ये बाईंनी प्रत्येकीला एक पत्रमैत्रीण दिली होती. काकूंच्या वाट्याला ल्योंची सोलांज आली. बाकीच्या मुलींची पत्रं दोन-तीन महिन्यांत आटली. या दोघींची नऊ वर्षं चालली. सोलांजला चित्र काढायची हौस. ती दर पत्रात गावाचा एक तुकडा काढून पाठवायची: घरापासून शाळेपर्यंत, शाळेपासून नदीपर्यंत, आजीकडे जाताना कुठला बोळ, आणि तू आलीस तर गाडीतून कुठे उतरायचं. काकूंनी ते तुकडे जोडले होते. कडा जुळवून, डिंकाने.

"मग गेला का नाहीत?"

"तेव्हा कोण पाठवणार? मग लग्न, नोकरी, मग मध्येच हे न्यूझीलंड आलं. तिची पत्रंही थांबली." त्यांनी नकाशा घडीवर घडी घालून मिटला. "आणि नंतर वाटायचं, गेले आणि ते तसं नसलं तर?"

"लोकांना का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही. सगळ्यांना माहीतच होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस असं मी म्हणणार नाही हं. तुझं तू बघ."

मी कुणाला सांगितलं नाही. पण रवींद्रकाका फोटो घेऊन परतणार होते, आणि आमच्याकडे परदेश पाहून आलेल्याने मराठी मंडळात फोटो दाखवायचेच, हा नेमच आहे. तिथे कुणी काकूंना नुसतं एवढं विचारलं असतं की तुम्ही किती साली होतात, तरी पुरे होतं. ज्या माणसाचं बोट धरून अर्धं ऑकलंड एक शहर बघून आलं, त्याने ते पाहिलेलंच नाही, हे भर सभेत कळलं असतं. आणि खोटं बोलणारी कोण, असा प्रश्न आलाच असता तर बोट काकूंकडे गेलं असतं, माझ्याकडे नाही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी मंडळाच्या बॉटनी डाउन्समधल्या हॉलमध्ये पडदे ओढले, टेबलावर पावभाजी झाकून ठेवली आणि प्रोजेक्टर लागला. काकू दुसऱ्या रांगेत, शेजारी मोहनकाका. मी भिंतीला टेकून.

फोटो एकामागून एक आले आणि सगळे काकूंच्या कागदासारखे. कोंबडा, हत्ती, डोंगरावरून दिसणारी लाल कौलं. प्रत्येक फोटोला रवींद्रकाका प्लॅस्टिकमधला कागद वर धरायचे. "बेसिकली, काकूंनी लिहिलंय तिथेच!" लोक टाळ्या वाजवायचे. माझी आई वळून काकूंना म्हणाली, "कमाल आहे हो तुमची." काकू हसल्या, पण त्यांनी पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती.

"आणि आता," रवींद्रकाका म्हणाले, "स्पेशल आयटम."

पडद्यावर एक देखणी जुनी इमारत आली, मोठमोठ्या कमानदार खिडक्यांची. पुढच्या फोटोत आतली टेबलं, पांढरे रुमाल, वाइनचे ग्लास.

"हे ब्रोतो स्टेशन! काकूंनी आम्हाला इथे उतरवलं होतं! बेसिकली आमची गाडी थांबली भलत्याच स्टेशनवर. मी नीताला म्हटलं, काकू चुकणार नाहीत, चल शोधू. बॅगा ओढत गेलो. स्टेशन आहे! पण रूळ नाहीत! आत लोक जेवतायत! वेटर म्हणाला, मस्यू, गाडी गेली ती त्र्याऐंशी साली."

हॉलमध्ये हशा फुटला. रवींद्रकाकांनी डोळे पुसले. "काकू, खरं सांगा, तुम्ही किती साली होतात तिथे?"

सगळे दुसऱ्या रांगेकडे वळले. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. आणि कुणीतरी ओरडलं, "मैत्रेयी, कर गं काकूंचं!"

मी भिंतीपासून पुढे झाले. मला वाटलं, मी वाचवते. मान तिरकी केली. "हं. आम्ही ल्योंला असताना की नाही, तेव्हा होतं हो स्टेशन! आमची गाडी गेली, मग त्यांनी बंद केलं."

सगळे हसले. प्रश्न मिटला होता. रवींद्रकाकांनी पुढचा फोटो लावायला हात उचलला.

"थांबा," काकू म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. पर्स खुर्चीवर ठेवली. "मैत्रेयी छान करते माझं. पण ते पहिलं वाक्य माझं नाही. मी ल्योंला नव्हते. कधीच गेलेले नाही."

कुणीतरी हसलं, नक्कल पुढे चालू आहे असं वाटून. मग थांबलं.

"मला एक मैत्रीण पत्रं लिहायची. हे गाव तिचं आहे. मी ते तुम्हाला वाचून दाखवत होते. ते वाक्य माझं नाही हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं." त्या क्षणभर थांबल्या. "पण मला ते आवडायचं ऐकायला."

मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "इतकी वर्षं?" एक खुर्ची करकरली. "ते वाक्य मी घातलं," मी म्हणाले, पण इतकं हळू की फक्त आईला ऐकू गेलं. मग पुन्हा म्हणाले, मोठ्याने. रवींद्रकाका कागदाकडे बघत होते, तो उलटसुलट करत, जणू मागे सही असेल.

त्यांची वल्लरी, आठ वर्षांची, पहिल्या रांगेत जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, "बट मम्मी, देन हाऊ डिड शी नो अबाऊट द डोअर?"

नीताकाकू लॅपटॉपपाशी गेल्या आणि एक फोटो लावला. तपकिरी जुनं लाकडी दार, दगडी चौकट. "हे दार," त्या म्हणाल्या. "हा म्हणत होता, कुणाचं तरी घर आहे, नको. मी म्हटलं, काकूंनी लिहिलंय, आहेच, तरी ढकला. मी ढकललं. उघडलं." मग काकूंकडे बघून, "तुम्ही तिथे नव्हतात, काकू, पण मी होते ना."

काकू पडद्याजवळ आल्या. इतक्या जवळ, की दाराचा उजेड त्यांच्या साडीवर पडला.

"आतला पहिला चौक," त्या म्हणाल्या, "तो मोठा आहे का हो? तिने नेहमी छोटा काढला."

काकूंना त्या शहराबद्दल काही विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं. तो आवाज माझ्याकडे नव्हता.

"छोटाच आहे," नीताकाकू म्हणाल्या. "आपल्या डबल गॅरेजएवढा."

"आणि वास कसला येतो? वास काही तिला काढता यायचा नाही."

"ओलीचा. थंड दगडाचा. आणि वर कुणीतरी कांदा परतत होतं."

"कांदा," काकू म्हणाल्या. मागे वळून मोहनकाकांना म्हणाल्या, "अहो, कांदा."

रवींद्रकाकांनी घसा साफ केला. "काकू, ते ब्रोतो... कागदावर खोडू का?"

"खोडा. माणसं बॅगा ओढत फिरतात."

"नको," ते म्हणाले. "राहू दे. बेसिकली, जेवण फार छान होतं तिथलं."

मग हसणं आलं, पण सगळ्यांचं नाही. मागच्या रांगेतल्या दोघी उठून पावभाजीकडे गेल्या. नीताकाकूंनी एक खुर्ची ओढून पडद्यासमोर ठेवली, काकूंना तीत बसवलं आणि पुढचा फोटो लावला. अंधारा बोळ, टोकाला उजेडाची एक चौकट.

"हं," नीताकाकू म्हणाल्या. "इथे पुढे पायरी आहे, दिसत नाही. भिंत उजव्या हाताला ठेवायची. ठेवलीत?"

काकूंनी उजवा हात थोडा उचलला.

"ठेवली," त्या म्हणाल्या.