मुकी पेटी आणि पन्नास माणसं

कोयनानगरला वीजघरात नोकरीला होतो तेव्हा एकदा भूकंपाचा धक्का बसला, आणि आमच्या क्वार्टरातली पेटी, भात्याला कुणाचा हात नसताना, खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत आपोआप वाजली. ही गोष्ट मी हजार वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी 'वरच्या सा पर्यंत' म्हणालो की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, "निम्मं!"

मग मी पाहुण्यांकडं बघून म्हणायचो, "बरं, मध्यमापर्यंत."

बायको कवठे महांकाळची. तिकडं पाऊस पडायला येत नाही, नुसता चव दाखवून जातो. घरात पाणी आलं की त्यातलं निम्मं आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्याकडं बघायचं, अशी तिच्या माहेरची रीत. ती रीत तिनं भाकरीच्या पिठाला लावली, गोडेतेलाला लावली आणि माझ्या गोष्टींना लावली. पण तिचा एक नियम होता. निम्मं एकदाच करायची. उरलेलं निम्मं माझं, त्याला हात लावायची नाही. हे ध्यानात आल्यावर मीही शहाणा झालो. पाच फुटी साप दिसला की दहा फुटी सांगायचा. ती निम्मा करायची, साप बरोबर पाच फुटांवर यायचा. सगळा संसार आम्ही असं दोघं मिळून खरं बोललो.

ती गेल्यावर मलकापूरच्या घरात मी एकटा राहिलो. हे घर आम्ही निवृत्तीनंतर बांधलं. कराड हाकेच्या अंतरावर, म्हणजे हाक माझी असेल तर. गुरुवारी आमच्याकडं भजन व्हायचं आणि पेटीवर मी बसायचो. ती गेली तशी माणसं गळत गेली. एक जण पुण्याला लेकाकडं गेला, एकाच्या गुडघ्यानं जिना सोडला, तबलजी देवाघरी गेला. राहिलेल्यांना चहा आवडायचा, आणि तो माझ्या हातचा नव्हे, एवढं मलाही कळलं.

मग एक दिवस उंदरानं पेटीचा भाता खाल्ला. उंदीर मांजराएवढा होता. हे मी वाण्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, बँकेत मागं उभ्या असलेल्या अनोळखी बाईला सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. निम्मं कुणी म्हणालं नाही. त्यामुळं तो उंदीर अजून मांजराएवढाच आहे.

लेक बंगळूरला असते. तिला फोनवर भात्याचं सांगितलं, तर तिनं कुरिअरनं एक खोकं धाडलं. "ह्याला भाताच न्हाई आप्पा. उंदराचं भ्या न्हाई. आणि माझा जुना लॅपटॉप हाय की कपाटात, त्याला जोडायचं." खोक्यात मिडी कीबोर्ड होता. मी ते उघडून परत बंद केलं आणि पलंगाखाली सरकवलं.

महिनाभरानं तिचा फोन आला.

"आप्पा, दिवाळीला ट्रक घेऊन येते. सामान भरायचं आणि तुमी माझ्याकडं चलायचं. एकटं किती दिवस बसणार तिथं?"

"कोण एकटं?" मी उसळून म्हणालो. "अगं, तुझ्या त्या पेटीनं गल्लीला येड लावलंय. रोज संध्याकाळी पन्नास माणूस बसतं इथं. बसायला जागा न्हाई, दोघं तर न्हाणीत उभं राहून ऐकत्यात."

ती म्हणाली, "व्हय? मग एक रेकॉर्डिंग धाडा मला. पन्नास माणसं मला ऐकू आली की ट्रकचं नाव काढत न्हाई."

फोन ठेवला आणि घराकडं बघितलं. चौथ्या मजल्यावर तिचं घर आहे. मी जाऊन आलोय. तिथं माणसं लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांशी बोलतात. इथं निदान भिंती तरी माझ्या गोष्टी ऐकून मुरलेल्या आहेत. पलंगाखालून खोकं ओढलं.

कीबोर्ड देखणा होता. चार सप्तकं, डाव्या अंगाला आठ रबरी चौकोन, त्यांच्याखाली वर-खाली सरकणारी स्लायडरची बटणं. वायर लॅपटॉपला जोडली. दिवे लागले. मी नमस्कार करून काळी दोनचा सा दाबला.

काही नाही.

जोरात दाबला. दोन्ही हातांनी दाबला. कोपर टेकवून बघितलं. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरची टेप चालली होती तेवढीच. लेकीनं मुकी पेटी धाडली असं समजून मी ती परत पाठवायच्या बेतात होतो. पण मग मोबाईलवर एक माणूस सापडला. तो हिंदीत हेच यंत्र लावायला शिकवत होता आणि दर दोन वाक्यांनी 'दोस्तो' म्हणायचा. त्या आठवड्यात मला दोस्त म्हणणारा तेवढा एकच, म्हणून मी त्याचं सगळं लक्ष देऊन ऐकलं.

त्यानं उलगडा केला. ह्या पेटीला स्वतःचा आवाज नसतोच. कोणती पट्टी दाबली, किती जोरानं दाबली, कधी सोडली, एवढी चहाडी ती लॅपटॉपकडं करते. बोलायचं काम लॅपटॉपचं. ऐकणारा पलीकडं नसेल तर हिनं काहीही सांगितलं तरी ती मुकीच.

मी पेटी तशीच ठेवून उठलो. मग चहा केला.

लॅपटॉपात लेकीचा संगीताचा प्रोग्राम होता. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन हे यंत्र निवडायचं, मग हार्मोनियमचा आवाज निवडायचा. निवडला. सा दाबला तर ढोल वाजला. रे दाबला, झांज वाजली. गंधारावर कुणीतरी पत्र्यावर काठी मारली. माझी भैरवी म्हणजे बेंदराला बैलांची मिरवणूक झाली. दोस्तो म्हणाला, चॅनल बघा. कीबोर्ड दहा नंबरच्या चॅनलवर होता आणि दहा नंबर म्हणे सगळीकडं ढोलताशासाठी राखीव. एक नंबर लावल्यावर पेटी एकदाची पेटीसारखी बोलली.

पण बोलली उशिरा. सा दाबला, दाढी करून आलो, तेव्हा वाजला. हे मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणालो. कुणी काही बोललं नाही. म्हणून मीच म्हणून बघितलं, "निम्मं." ते जमत नाही. माणसाला स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही, तसंच हे. प्रोग्राममध्ये 'बफर' नावाचा एक आकडा होता, तो कमी करत नेला तसा उशीर गेला. दाढीचं मात्र तेवढंच राहिलं.

त्याहून मोठा घोटाळा माझ्याच अंगात होता. पेटीवाल्याचा उजवा हात नट असतो आणि डावा हात कामाचा माणूस. जन्मभर भाता हलवायचा, कुणी त्याच्याकडं बघत नाही. आता भाता नाही हे उजव्या हाताला पटलं, डाव्याला पटेना. उजवा पट्ट्यांवर पडला की डावा आपोआप कीबोर्डाच्या मागं जायचा आणि हवेत पुढं-मागं, पुढं-मागं करायचा. धरून मांडीवर ठेवला तर मांडी हलवायचा.

त्यात मी कानाला हेडफोन लावलेला. अशा वेळी दूधवाला आला. त्याला दिसलं ते असं: घरात एक म्हातारा, आवाज कशाचाच नाही, उजव्या हातानं टेबल बडवतोय, डाव्यानं हवा घालतोय आणि डोळे मिटून मान डोलावतोय. तो एक पाय आत आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून उभा राहिला.

"काका, बरं हाय न्हवं?"

"लय बरं हाय. ऐकतोस का?"

"काय ऐकू? काहीच वाजंना." तो दूध ठेवता ठेवता म्हणाला. "माझ्या आज्याला बी शेवटी शेवटी असंच ऐकू यायचं."

मी हेडफोनची पिन काढली. आवाज खोलीभर झाला. तो तसाच उंबऱ्यात उभा राहिला, एक ओळ ऐकली, "भारी हाय की, गड्या" असं माझं वय विसरून म्हणाला आणि पुढच्या घराला गेला.

डाव्या हाताची सोय लावायलाच हवी होती. त्या प्रोग्रामात एक गंमत आहे. 'शीक' असं बटण दाबायचं, मग कीबोर्डावरचं कुठलंही बटण हलवायचं, की ते काम त्या बटणाला लागतं. आमच्या मंडळातल्या टाळकऱ्याला मी वीस वर्षं शिकवलं, तो टाळ उलटाच धरायचा. हे एकदा सांगितल्यावर शिकलं. पेटीचा दम म्हणजे आवाजाचा चढ-उतार मी पहिल्या स्लायडरला लावला. आता उजवा हात सूर धरी आणि डावा स्लायडर वर-खाली करून दम भरी. डाव्या हाताला परत नोकरी लागली. तो एवढा खूश झाला की मूळ भात्यापेक्षा जास्त दम भरू लागला.

भैरवीतली एक जुनी चाल बसवून रेकॉर्ड केली. ऐकली. पेटी चांगली होती. पण पन्नास माणसं कुठं?

त्यासाठी ते आठ रबरी चौकोन होते. एकेकाला एकेक आवाज लावता येतो. पहिल्याला टाळ्या लावल्या, त्या प्रोग्रामातच तयार मिळाल्या. दुसऱ्याला मी स्वतः माईकपुढं 'वाऽऽ!' म्हटलं. तिसऱ्याला नाकातून 'क्या बात हाय.' चौथ्याला खोकला, कारण खोकल्याशिवाय बैठक खरी वाटत नाही. पाचव्याला बायकी आवाज काढून 'जरा सरका की तिकडं.' सहाव्याला स्टीलच्या पेल्यांचा आवाज, पेले कपाटातून काढून एकमेकांवर आपटून. सातव्याला 'न्हाणीतल्यांनी आवाज करू नका.' आठवा रिकामा ठेवला. काय लावावं ते माहीत होतं, पण तो आवाज माझ्याकडं नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडक्या लावून बैठक भरवली. एक हात पट्ट्यांवर, एक चौकोनांवर. वाजवायचं मीच, दाद द्यायची मीच, खोकायचं मीच. सम आली की टाळ्या. भैरवी संपली तेव्हा घरात अशी काही दाद उठली की क्षणभर मी वळून मागं बघितलं. मागं सतरंजीची गुंडाळी उभी होती.

रेकॉर्डिंग लेकीला धाडलं. घटकाभरानं तिचा फोन आला.

"ऐकलंस?" मी विचारलं. "पन्नास माणूस हाय. जास्तच असंल, कमी न्हाई."

आणि पलीकडून आवाज आला, "निम्मं."

हा शब्द तिनं आजवर कधी काढला नव्हता. तो तिच्या आईचा होता. आवाज मात्र तिचाच, जरा चिरका, बापासारखा.

"पंचवीस," मी म्हणालो.

"निम्मं."

"बारा धर."

"निम्मं."

"अगं, आई एकदाच करायची. नियम होता तिचा."

"आई तुमच्या शेजारच्या खोलीत होती आप्पा. मी लांब हाय, मला जास्त करावं लागतंय. निम्मं."

"सहा."

"सगळी सहा माणसं तुमच्याच घशानं खोकत्यात. निम्मं."

"तीन."

"निम्मं."

"दीड," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, हा आकडा बरोबर होता. "दीड पक्कं हाय. त्याच्या खाली येणार न्हाई मी. दूधवाला उंबऱ्यात उभा होता, एक पाय आत, एक भाहेर. ते अर्धं माणूस."

"आणि एक?"

"एक मीच," मी म्हणालो. तिच्याकडं कुणाच्या तरी घरातला टीव्ही चालू होता, तो ऐकू येत राहिला.

"आप्पा," ती म्हणाली, "ते टाळ्याबिळ्या बंद करा. फोन तिथं टेबलावर ठेवा आणि वाजवा. मी हाय इथं. कुकर लावलाय, पण कान हिकडं हाय."

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. चौकोनांवरून हात काढला. तीच चाल परत धरली. उजवा सुरांवर, डावा स्लायडरवर. दम भरला, सोडला, भरला. मधे कुठं तरी डोळ्यांत काही गेलं असावं, कारण एक कोमल निषाद शेजारच्या घरी जाऊन आला. मी थांबलो नाही.

संपलं. टाळ्या आल्या नाहीत. तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली.

"डावा हात जरा जास्त झाला," ती म्हणाली.

एवढं बारीक ऐकायला माणूस खरंच ऐकत असावं लागतं. मी विचारलं,

"आणि ट्रक?"

"ट्रकचं बघू दिवाळीला. मी येते, तेवढं नक्की. उद्या ह्याच वेळेला लावा फोन." मग आत वळून कुणाला तरी म्हणाली, "व्हय, आप्पाच. वाजवत्यात."

फोन ठेवल्यावर मी परत कीबोर्डापुढं बसलो, दमाचा स्लायडर धरला आणि निम्म्यावर आणून ठेवला.