धनीरामच्या रागाचं हसं

दिघोरीच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत गेलेल्या गावात धनीराम राहतो. माणूस रागीट, पण त्याचा राग गावाच्या कामाचा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. वय बासष्ट, अंगानं काडीपैलवान. आवाज मात्र असा, की धानाच्या या बांधीतून हाक मारली तर चौथ्या बांधीतल्या बाया रोवणी सोडून वर बघायच्या. उभी हयात रानडुकरं हाकलण्यात गेली, त्यात तो आवाज कमावलेला. गावातली विजेची डीपी जळाली की लोक म्हणत, "धनीरामले पाठवा." रेशनचं दुकान वेळेवर उघडलं नाही, की पुन्हा धनीरामच. तो जायचा, दणकून ओरडायचा, काम करून घ्यायचा आणि घरी येऊन भात खायचा.

दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर वाळत घातलेल्या त्याच्या धानावरून कुणीतरी मोटारसायकल घातली. धनीरामचा दुपट्टा खांद्यावरून घसरलेला, डोळे वटारलेले, तोंडाचा आ झालेला. "तुले दिसत नाही का बे, धान हाय ते," एवढंच तो म्हणाला. शेजारच्या मनिषनं ते मोबाइलमध्ये टिपलं. मनिष पंचविशीतला, शिकलेला, हुशार आणि रिकामा. त्यानं चेहरा कापून स्टिकर बनवला, संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर टाकला. आठवड्याभरात तो लाखांदुरात फिरला, महिन्याभरात भंडाऱ्यात.

मग फॅन क्लब निघाला. खोटं कशाला बोला, त्यातलं काही काही झकास होतं. मॅचमध्ये कॅच सुटला की धनीरामचा चेहरा, निकाल लागला की धनीरामचा चेहरा, लग्नात वरण संपलं तरी धनीरामचाच चेहरा. कुणी त्याच्या आवाजाला ढोलकी जोडली, कुणी त्याला चंद्रावर उभा करून खाली पृथ्वीवरच्या लोकांवर ओरडायला लावलं. चंद्रावरचा बघून तो स्वतःही हसला होता. त्याची बायको पुष्पाबाई तर पदर तोंडाला लावून हसली.

पण पुढं ते अंगाशी यायला लागलं. लेक रिता वरठीला दिलेली. तिच्याकडे गेला, तर जावयाच्या कारखान्यातले चौघे घरी आले, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काकाजी, थोडेसे चिडा नं. फोटो काढाचा हाय." धनीराम म्हणाला, "मले राग नाही आला, तं कसा चिडू?" यावरही ते हसले. रिताही हसली. तेव्हा मात्र त्याला खराच राग आला, आणि तो राग दुसरा स्टिकर झाला.

गेल्या पावसाळ्यात डीपी जळाली. धनीराम गेला, दणकून ओरडला. लाइनमननं त्याला ओळखलं, बाजूला उभा राहून सेल्फी घेतला आणि हसत हसत निघून गेला. गाव सहा दिवस अंधारात राहिलं. ज्या गावानं त्याला पाठवलं होतं त्याच गावानं तो सेल्फी एकमेकांना पाठवला, याला काय म्हणावं. धनीरामनं घरी येऊन चप्पल काढली आणि पुष्पाबाईला म्हणाला, "आता माह्यानं काही होत नाही वं. लोक माह्यं आयकत नाहीत, पाहातात."

यंदा सप्टेंबरच्या अखेरीला चार दिवस झड लागली. गावचा मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, काठोकाठ भरला. खालच्या बांध्यांत सगळ्यांचं धान निसवायला आलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता धनीराम तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर गेला, तर पाणी सोडायच्या तुडुमाच्या बाजूनं धार लागलेली. धार गढूळ होती. गढूळ म्हणजे पाण्याबरोबर पाळीची माती चालली, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. माणसं आणि मातीच्या बोऱ्या लगेच आल्या असत्या, तर पाळ वाचत होती.

गाव लांब, तिथवर हाक पोचणार नव्हती. त्यानं फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली व्हॉइस मेसेजमध्ये जिवाच्या आकांतानं बोलला: "अरे, तुडुमापाशी पाळ फुटून राहिली. बोऱ्या घेऊन या बे लवकर. तुमाले दिसत नाही का?"

उत्तर लगेच आलं. त्याचाच चेहरा. मग आणखी एक, मग रांगच लागली. डोळे वटारलेला, तोंडाचा आ केलेला धनीराम चाळीस वेळा धनीरामकडे बघत होता. वीस मिनिटांत मनिषनं त्याच्या हाकेला ढोलकी जोडून नवीन व्हिडिओ टाकला. फोटो कुणी उघडलाच नव्हता.

तो फोन लावत राहिला. दोघांनी उचलला, दोघंही हसले आणि फोन ठेवला. धावत आली ती एकटी पुष्पाबाई, घरातल्या चार बोऱ्या डोक्यावर घेऊन. दोघं म्हातारी गुडघाभर चिखलात उभी राहून बोऱ्या लावत होती, आणि बोऱ्या एकेक करून वाहून जात होत्या. नऊला पाळ फुटली. तो आवाज मात्र गावानं ऐकला.

सगळे धावत आले तोवर खाली धान नव्हतं, नुसता चिखल होता. मनिषच्या बापाच्या तीन बांध्याही त्यातच गेल्या. मनिष पुढं आला, खाली मान घालून म्हणाला, "काकाजी, खरंच वाटलं नाही जी."

धनीराम ओरडला नाही. त्यानं खिशातून मोबाइल काढला, मनिषचाच व्हिडिओ लावला, आवाज मोठा केला आणि मोबाइल वर धरला. फुटलेल्या पाळीवर ढोलकी वाजली, "पाळ फुटून राहिली," आणि पुन्हा ढोलकी.

"हासा नं आता," तो म्हणाला. "काहून नाही हासत?" मग एकेकाचं नाव घेऊन विचारलं. "श्रावण, तुनं दोन पाठवले. तू सांग, यात हासासारखं काय हाय? भुपेंद्र, तू सांग." पुष्पाबाई चिखलात बसून रडत होती.

तेवढ्यात हातातल्या मोबाइलवर रिताचा मेसेज आला. मनिषचा व्हिडिओ फिरत फिरत वरठीला पोचला होता आणि तिनं तो बापालाच पाठवला होता: "बाबा, हा तर लयच भारी हाय."

चिखलानं भरलेल्या बोटानं, एकेक अक्षर शोधत, धनीरामनं लिहिलं, "पाळ खरंच फुटली. धान गेलं."

रितानं त्याला त्याचा स्टिकर पाठवला.