एकोणीस जानेवारीची रिकामी ओळ

ओला थर्मामीटर कोरड्यापेक्षा जास्त तापमान दाखवतो, हा शोध जगात मी एकट्यानेच लावला. तारीख १९ जानेवारी २०२५, रविवार. वेळ सकाळी अकरा. शोध लावताना मी थर्मामीटरपासून दीड किलोमीटरवर, आर्वी डेपोसमोर तर्री-पोहे खात होतो.

आमच्या कॉलेजच्या मागच्या आवारात झडपांची एक पांढरी पेटी आहे. आत दोन थर्मामीटर. एक तसाच उघडा. दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओल्याचा आकडा नेहमी कमी येतो, फार तर बरोबरीचा. हे अकरावीतलं पोरगंही सांगेल. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो.

ती पेटी प्रेमदास थूल यांची. म्हणजे कॉलेजची, पण कॉलेजला तसं कधी वाटलं नाही. थूलकाका आमचे प्रयोगशाळा परिचर. बारावी सायन्सला गणितात नापास झाले आणि ज्या प्रयोगशाळेत शिकायचं होतं, तिथेच काचेची भांडी धुवायला लागले. रोज सकाळी साडेआठला पेटी उघडायची, दोन आकडे वहीत उतरवायचे, पेटी लावायची. पूर्वी रविवारी सुट्टी असे. २०१५च्या जानेवारीत अन्नपूर्णाकाकू गेल्या. मग रविवारी घरात करमेना, तेव्हा १ फेब्रुवारीपासून काका रविवारीही पेटीकडे येऊ लागले. लॉकडाऊनमध्ये पोलिसांनी हटकलं, तर डिस्टिल्ड वॉटरची बाटली वर करून म्हणत, "साहेब, थर्मामीटरले तहान लागली ना."

आता आमच्या शाखेबद्दल. विज्ञान निरीक्षक मंडळ हे मूळ नागपूरचं. १९७१ साली प्रा. सदाशिवराव यांनी आर्वीत त्याची शाखा काढली. त्यांचं म्हणणं, विज्ञान काही फक्त मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्रांनी होत नाही. आपल्या गावाकडे वर्षभर नीट पाहणारा माणूस पाहिजे. म्हणून नियम असा की पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याने गावातली कुठलीही एक गोष्ट वर्षभर पाहायची, लिहायची आणि मगच सभासद व्हायचं. (मी डेपोसमोरच्या कडुनिंबाची पानगळ मोजली. पोह्यांची गाडी त्याच्याच खाली लागते, हा योगायोग.) दरवर्षी ३१ जानेवारीला तांब्याचा बिल्ला मिळतो आणि शपथ घ्यावी लागते: जे पाहिलं तेच लिहीन, जे पाहिलं नाही, त्याची जागा रिकामी ठेवीन.

बिल्ले आदल्या दिवशी लिंबाने घासायचं काम थूलकाकांचं. शपथ घेताना पोरं अडखळली, की मागून पुढचा शब्द पुरवायचं कामही त्यांचंच. अन्नपूर्णाकाकू त्यांना चिडवायच्या म्हणे, "साऱ्या पोट्ट्यायचे बिल्ले घासता, तुमचा कवा येईन?" हे सांगून काका हसायचे आणि हसू संपल्यावरही थोडा वेळ हातातल्या बिल्ल्याकडे पाहत राहायचे.

त्या वर्षी मी शाखेचा चिटणीस होतो. शाखेचा इतिहास टाइप करताना जुन्या घटनेत कलम सहा सापडलं: पदवी नसलेल्या व्यक्तीने सलग दहा वर्षं, एकही दिवस न चुकता निरीक्षण केल्यास मानद सभासदत्व; अडचणीच्या दिवशी एखाद्या सभासदाने बदली नोंद घेतली तरी चालेल. मी वही घेऊन दिवस मोजले. ३१ जानेवारी २०२५ ला काकांची दहा वर्षं पूर्ण होत होती. नेमका समारंभाचा दिवस!

सांगितलं तर म्हणाले, "मजाक करून राह्यला काय?" मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. मी एक बिल्ला जास्तीचा मागवला.

बारा दिवस उरले आणि पिपरी मेघे या गावी त्यांच्या लेकीच्या, पौर्णिमाच्या, बाळाचं बारसं निघालं. शनिवारी काकांनी पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "साडेआठले येजो. फक्त एक दिवस."

मला नऊला जाग आली. दहाला पोहे आठवले, अकराला किल्ली. खिशातल्या बिलावर दोन आकडे अंदाजाने लिहिले आणि सोमवारी वहीत उतरवले.

काकांना कळायला एक मिनिटही लागलं नाही.

"अंकित, हे तू लिवलं काय बे?"

"हो काका."

"कोरडा साडेसतरा, ओला एकोणीस. तुह्या राज्यात पाणी वाळलं का गरम होते काय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"उलटसुलट झालं असेल, काका. आकडे फिरवून टाका."

"फिरवतो ना." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "फक्त एक सांग. तू पेटी उघडली होती?"

हो म्हणायला काय लागत होतं? पण ते माझ्याकडे शपथेचा पुढचा शब्द पुरवताना पाहायचे तसं पाहत होते.

"नाई," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी ठेवून माझे आकडे सरळ रेषेत खोडले, समोर 'नोंद घेतली नाही' लिहिलं आणि सही केली. मग पेन खिशाला लावलं.

हर्षा मॅडम शाखेच्या प्रमुख. त्यांनी समजावलं, "थूलभाऊ, नागपूरला फक्त एकूण दिवस कळवायचेत. एवढी एक ओळ कोण पाहणार?"

"म्याडम, पोट्ट्यायले शपथ मीच तर पुरवतो."

दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

३१ जानेवारीला काकांनी ताट धरलं. अकरा मुलं, बारा बिल्ले. बारावाही त्यांनी इतरांइतकाच चकचकीत घासला होता. समारंभ संपल्यावर तो तराजूच्या वजनांच्या पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "माफी काऊन? एक रविवार देणं लागते तू मले. सकाळी साडेआठ. ये, पेटी उघड, पाह्य अन् लिव."

आता मी पिपरी मेघेला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. ओला-कोरडा थर्मामीटर फार तळमळीने शिकवतो, मुलांना कारण माहीत नाही. कधीकधी सकाळी जाग येते आणि ती पेटी उघडतानाचा करकर आवाज आठवतो. उघडणारा मी कधीच नव्हतो, तरी.

दर रविवारी काकांचा मेसेज येतो. वहीच्या पानाचा फोटो, दोन आकडे, खाली एक शब्द: येजो.

रविवारी सकाळी माझी बॅच असते. साडेआठला आर्वीत पोचायचं तर आदल्या दिवशीच जावं लागेल. आजही फोटो आला. कोरडा २४.२, ओला १९.८. मी लिहिलं, 'पुढच्या रविवारी नक्की, काका.' वर सरकवून पाहिलं, तर हेच वाक्य आधी चौदा वेळा लिहिलेलं होतं.