घरी दिलेली काजूची पिशवी

नोकरीच्या मुलाखतीत घरी करायला काम देतात, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी चौदा वर्षं मी एका खासगी बालवाडीत होते. मुलं कमी होत गेली आणि बालवाडी बंद पडली. घरी बसणं मला जमत नाही. नवरा होडीवर, मुलगी शिकायला बाहेर, घरात मी आणि सासूबाई. दोन कामसू बायका दिवसभर एका स्वयंपाकघरात राहिल्या तर काय होतं, ते लिहायला नको.

पहिलं घरचं काम मला एका होमस्टेने दिलं होतं. पाहुण्यांसाठी आठवडाभराच्या जेवणाचा बेत करायचा आणि प्रत्येक पदार्थावर चार ओळी लिहायच्या. मी तीन दिवस बसून लिहिलं. पुढे फोन आला नाही. दोन महिन्यांनी शेजारणीबरोबर मासळी पोचवायला तिथे गेले, तर तोच बेत फळ्यावर लिहिलेला, माझ्या तिसऱ्या-शिंपल्यांच्या सुक्यासकट. मासळी उतरवून परत आले. फक्त ठरवलं, की पुन्हा असं काम घेतलं तर त्याचं पुढे काय करणार ते आधी विचारायचं.

म्हणून आचऱ्याच्या वाटेवरच्या काजू कारखान्यात मुलाखत झाली आणि तिथल्या मॅनेजर मॅडमनी दोन किलो काजूगरांची पिशवी पुढे ठेवली, तेव्हा मी विचारलंच.

"याचं पुढे काय करणार?"

"तुम्ही परत आणून द्यायचे," त्या म्हणाल्या. घाटावरच्या होत्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. "प्रतवारी करून, वेगवेगळ्या पुड्यांत. कुठल्या प्रकारचे किती निघाले याचा कागद सोबत. चार दिवस आहेत."

"इथेच करून देते की."

"इथे माझ्यासमोर सगळेच नीट करतात. आम्ही यात मुद्दाम खराब दाणे मिसळलेत. किती आणि कसले, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. तुम्हाला ते सगळे सापडले पाहिजेत. आणि एकही खायचा नाही."

जागा माल तपासण्याची होती. कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक डबा त्या जागेवरच्या बाईच्या हाताखालून जाणार. मला ती नोकरी हवी होती. दुसरी कुठली मिळेल असं वाटण्याचे दिवस संपत आले होते.

तोंडवलीला घरी आले आणि पडवीत पांढरी चादर पसरून त्यावर गर ओतले. पहिला दिवस नुसता अख्खा दाणा, अर्धी पाकळी आणि तुकडा वेगळा करण्यात गेला. खराब दाणे दिसत होते, पण ते मी जागच्या जागी ठेवले. ते शेवटी एकदम काढून मोजायचे आणि ग्रॅमात वजन करायचं, असा माझा बेत. घरातला काटा भाजीचा, त्याला ग्रॅम कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चादरीवर दुसरी चादर घातली आणि मालवणला छोटा काटा आणायला गेले.

परत आले तेव्हा सासूबाई चादरीशेजारी पाय पसरून बसल्या होत्या. चादरीवरचा माल स्वच्छ दिसत होता. एकही डाग नाही.

"आई, काळे खंय गेले?"

"काढलंय. असलो माल घरातसून भायर धाडतत काय?"

"काढून ठेवलात खंय?"

त्यांनी हनुवटीने अंगणाकडे दाखवलं. आमच्या सहा कोंबड्या फणसाखाली चोची पुसत होत्या.

सासूबाईंनी लग्नाआधी आणि नंतर मिळून वीस वर्षं काजूच्या कारखान्यात काढली होती. सोलायच्या, निवडायच्या. तो कारखाना बंद होऊनही खूप वर्षं झाली. डोळ्यांसमोर खराब दाणा असताना हात मागे घेणं त्यांना शक्यच नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि बाहेर आले.

"आई, माका वायटच शोधूचे होते. त्येचीच परीक्षा होती."

"मगे शोधलंय मां मी."

शिवाय त्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. वजन कमी पडायला नको म्हणून जेवढे काढले तेवढेच घरच्या डब्यातले चांगले गर मोजून त्यात टाकले होते. म्हणजे आता पिशवीत कारखान्याचा माल नव्हता, आमची आणि त्यांची मिसळ होती.

दुपारी नवरा जेवायला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आमटीभात कालवत उपाय सांगितला.

"तव्यार धा-बारा दाणे काळे कर आणि घाल त्यात. कोणाक कळतला?"

"माका कळतला," सासूबाई म्हणाल्या.

"तुका कोण इचारता, आये?"

"तव्यार भाजलेलो दाणो भायरसून काळो. कारखान्यात करपता तो आतपर्यंत. फोडून बघल्यानी तर तुझी बायको चोर ठरतली."

मी खोटं बोलणार नाही, असं मी त्या क्षणी ठरवलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. तसं नव्हतं. जेवण होईपर्यंत तवा माझ्या डोक्यात होता. पकडली जाईन, हे सासूबाईंनी सांगितलं म्हणून तो उतरला.

भांडी घासून झाल्यावर मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. "तुमी काय काय काढलास, ता आठवता?"

"आठवता म्हणजे? करपलेले सात. साल रवलेले अकरा. किडके पाच, आणि एकाक नुसता भोक, आत बरो होतो. खवट दोन."

"खवट कसे कळले?"

"वासान. नाक कित्याक आसा?"

कारखान्यात खराब दाणे प्रत्येकीने वाटीत वेगळे ठेवायचे आणि संध्याकाळी मुकादमाला तोंडी आकडे सांगायचे, अशी रीत होती म्हणे. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे डोक्यातच ठेवायचे. तरी मी नुसत्या शब्दावर विसंबले नाही. घरच्या डब्यातले मूठभर गर घेतले, त्यात डब्याच्या तळाचे नऊ वाईट दाणे मिसळले आणि सुपात घालून त्यांच्यापुढे ठेवले. त्या रस्त्याने कोण चाललंय ते बघत निवडत होत्या. नऊच्या नऊ निघाले. दहावा एक निघाला, तो मला माहीतच नव्हता.

"आता आपल्या घरचे त्येंच्यातसून काढा," मी चादर पुढे केली.

ते तर त्यांनी गप्पा मारतच केलं. आमचे गर चुलीच्या आगीवरचे, पिवळट. कारखान्याचे वाफेवरचे, पांढरे. मला एकदा दाखवल्यावर दिसायला लागले. उरलेले दोन दिवस मी त्यांच्याजवळ बसून नाकाने निवडायला शिकले. दाणा नाकाशी धरून हुंगायचा नाही, ओंजळ हलवायची आणि वरच्यावर वास घ्यायचा. पंधरा-वीस वेळा चुकले. "बालवाडीत पोरांकय असाच शिकवी होतंस?" असं त्यांनी विचारून घेतलं.

चौथ्या दिवशी मी पुड्या आणि कागद दिला. कागदावर आकडे होते आणि खाली घडलेलं सगळं लिहिलं होतं. खराब दाणे सासूबाईंनी काढले, मी नाही. ते कोंबड्यांनी खाल्ले. वजन तेवढ्याने कमी आहे.

मॅडमनी उभ्याउभ्याच वाचलं. "कोंबड्यांनी?"

"हो."

"किती कोंबड्या?"

"सहा."

त्या हसल्या नाहीत. टेबलाच्या खणातून आपली यादी काढली आणि बोट ठेवून ताडून बघितली. करपलेले सात, जमलं. सालवाले अकरा, जमलं. किडके त्यांच्याकडे सहा लिहिले होते. मी भोकाच्या दाण्याबद्दल सांगितलं. मग त्यांचं बोट थांबलं.

"खवट आम्ही घातलेच नव्हते."

"मग ते तुमच्या पोत्यातले आहेत," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा हातात त्याच पोत्यातले ओंजळभर गर होते. दोघींनी वास घेतला. मला आला. त्यांना आला की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही, पण पोतं बाजूला काढायला लावलं.

"तुमच्या सासूबाईंना मी लगेच घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "पण परीक्षा तुमची होती."

"दुसरी पिशवी द्या. इथेच बसते."

अर्धा किलो माल दिला. मी तासभर बसले. एक करपट पाकळी माझ्या नजरेतून सुटली, बाकी सगळे निघाले. तीन महिने बघू, असं ठरलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

नवीन माणूस घ्यायचं तर पिशवी आता मी भरते. सोबतच्या सूचनांत मी एक ओळ वाढवली आहे: घरातल्या कोणाची मदत घेतली असेल, तर कोणाची ते लिहावं. बहुतेकजण ती जागा कोरी सोडतात. एका मुलीने आजोबांचं नाव लिहिलं होतं. तिला मी दुसऱ्यांदा बोलावलं.

माझी परीक्षा झाली त्या दिवशी घरी आले तेव्हा सासूबाई कोंबड्यांना आत घालत होत्या. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी खुराड्याची कडी लावली.

"म्हणजे मी पास झालंय," मग म्हणाल्या.

"व्हय, आई," मी म्हटलं, आणि पाणी तापवायला आत गेले.